गीता ९.२९ आणि १६.१९ : सर्वांना सम असलेला देव कोणाला आसुरी योनीत कसा टाकतो?

शब्दवेध : नवव्या अध्यायात भगवान म्हणतात, ‘समोऽहं सर्वभूतेषु न मे द्वेष्योऽस्ति न प्रियः’ (९.२९). बाराव्यात १४व्या श्लोकापासून ‘स मे प्रियः’ पुन्हा पुन्हा येतं आणि विसाव्यात ‘अतीव मे प्रियाः’ म्हटलंय. सोळाव्यात तर ‘क्षिपाम्यजस्रमशुभानासुरीष्वेव योनिषु’ (१६.१९). कोणी प्रिय नाही नि कोणी द्वेष्य नाही, तर हे अतीव प्रिय कोण आणि हे नराधम कोण? दुसरी जोडी अशीच : ५.१५ म्हणतो विभू कोणाचं पाप घेत नाही, पुण्यही नाही. १८.६६ मध्ये मात्र ‘सर्वपापेभ्यो मोक्षयिष्यामि’ (सर्व पापांतून सोडवीन). ‘ज्याचं त्याचं कर्म’ एवढ्यावर बोळवण नको. टीकाकारांनी ही गाठ नेमकी कुठे सोडवली आहे?

टीकावाचक : ९.२९ चा निम्माच श्लोक सगळीकडे उद्धृत होतो, निम्मा गोंधळ तिथेच होतो. उत्तरार्ध आहे ‘ये भजन्ति तु मां भक्त्या मयि ते तेषु चाप्यहम्’ : पण जे मला भक्तीने भजतात ते माझ्यात आणि मीही त्यांच्यात. त्यातला ‘तु’ (पण) सोडू नका. शंकराचार्य इथे अग्नीचा दृष्टान्त देतात : दूर असलेल्याची थंडी अग्नी घालवत नाही, जवळ येणाऱ्याची घालवतो. बाराव्या अध्यायातलं ‘प्रिय’ हे या उत्तरार्धाचं पुढचं पाऊल आहे, पूर्वार्धाचं खंडन नव्हे.

१६.१९ एकटा वाचू नका, १६.१८ पासून घ्या. ‘प्रद्विषन्तः’ आणि ‘द्विषतः’ ही दोन्ही विशेषणं त्या माणसांची आहेत. द्वेष ते करतात, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या देहात असलेल्या ईश्वराचा. देव त्यांचा द्वेष करतो असं गीतेत कुठेही नाही. मात्र ‘क्षिपामि’चा कर्ता देवच आहे, ते झाकून चालणार नाही.

तुमच्या दुसऱ्या जोडीत भाष्यकारांची वाटच वेगळी होते. रामानुजाचार्य ५.१४-१५ मधले ‘प्रभु’ आणि ‘विभु’ जीवात्म्याला लावतात. त्यांच्या वाचनात १८.६६ शी विरोध उरतच नाही. शंकराचार्य १५व्या श्लोकात ‘भक्ताचंही पाप घेत नाही’ असा अर्थ करतात, त्यामुळे तिथे प्रश्न खरोखर उभा राहतो.

अधिकरण : ‘क्षिपामि’साठी ब्रह्मसूत्र २.१.३४ : ‘वैषम्यनैर्घृण्ये न सापेक्षत्वात् तथा हि दर्शयति’, म्हणजे ईश्वर जीवाच्या कर्माची अपेक्षा ठेवतो म्हणून हे दोष त्याला लागत नाहीत. पक्षपात आणि निर्दयपणा हे दोन आरोप सूत्रकारांनी स्वतःच मांडले आहेत. शांकरभाष्य म्हणतं, ईश्वर पर्जन्यासारखा सर्वांना समान कारण आहे. भात आणि जव वेगळे उगवतात ते बीजामुळे. पहिली सृष्टी झाली तेव्हा कर्म कुठून आलं, ही शंका पुढच्याच सूत्रात आहे. तिचं उत्तर : संसार अनादि आहे.

पाऊस आणि अग्नी या दोन दृष्टान्तांची अदलाबदल प्रवचनांत फार होते. पाऊस फळांतला फरक समजावतो, अग्नी सान्निध्यातला. १६.१९ ला पाऊस लावावा, ९.२९ ला अग्नी.

पूर्वपक्ष : पावसाने भागत नाही. कौषीतकी उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलंय की ज्याला वर न्यायचं त्याच्याकडून हाच (ईश्वर) चांगलं कर्म करवतो आणि ज्याला खाली न्यायचं त्याच्याकडून वाईट कर्म. पाऊस बीज पेरत नाही, इथे तर पेरणीच देवाकडे आहे.

अधिकरण : शंका रास्त आहे आणि ती टाळलेली नाही. ब्रह्मसूत्राच्या शांकर पाठात २.३.४१ जीवाचं कर्तृत्व ईश्वराधीन मानतं. २.३.४२ लगेच सांगतं की ईश्वर जीवाने केलेल्या प्रयत्नाची अपेक्षा ठेवतो, नाहीतर विधिनिषेध व्यर्थ होतील. रामानुज आणखी पुढे जातात. कौषीतकीचं वाक्य सर्वांसाठी नाही, असं ते म्हणतात. जो निश्चयाने अनुकूल झाला त्याला ईश्वर सत्कर्माची रुची देतो, जो निश्चयाने प्रतिकूल झाला त्याला उलटी. आधाराला दहाव्या अध्यायातलं ‘ददामि बुद्धियोगं तम्’ (तो बुद्धियोग मी देतो, १०.१०) आणि सोळाव्यातलं हेच ‘क्षिपामि’ ते एकत्र ठेवतात. म्हणून १६.१९ च्या भाष्यात ‘टाकतो’चा अर्थ त्या जन्माला नेणाऱ्या क्रूर बुद्धीशी जोडतो, असा केला आहे. मला हेच उत्तर सगळ्यांत प्रामाणिक वाटतं. देवाचं कर्तृत्व ते लपवत नाही, आणि पहिलं पाऊल मात्र माणसाचं ठेवतं.

ओवीकार : ज्ञानेश्वरी उघडाच. ९.२९ वर : ‘तो मी पुससी कैसा । तरी जो सर्वभूतीं सदा सरिसा । जेथ आपपरु ऐसा । भागु नाहीं ॥’ आणि सोळाव्यात त्या अधम गतीचं वर्णन करताना माउली म्हणतात की हे सांगताना वाचा रडते. शिक्षा सांगणाऱ्याच्या स्वरात इतकी करुणा असते, हे श्लोकाचा अर्थ लावताना सोडून देता येत नाही.

शब्दवेध : मग १६.२० मधलं ‘मामप्राप्यैव’? कधीच न मिळणं म्हणजे सुटकाच नाही का?

टीकावाचक : मध्वाचार्य तसंच घेतात. त्यांच्या मते काही जीव स्वभावतःच तमोयोग्य, म्हणजे कायम अंधारगतीलाच जाणारे. इतरांना १६.२१-२२ जवळचे वाटतात : काम, क्रोध, लोभ ही तीन दारं, त्यांतून सुटलेला ‘याति परां गतिम्’. ९.३०-३१ मधला सुदुराचारीही ‘क्षिप्रं भवति धर्मात्मा’.

खरी अडचण भागवताच्या सातव्या स्कंधाच्या पहिल्या अध्यायात आहे. परीक्षिताचा प्रश्न तुमचाच आहे : सम असलेल्या भगवंताने इंद्रासाठी दैत्य का मारले? तिथे द्वेष करणारा शिशुपाल सायुज्य (भगवंतात विलीन होण्याची मुक्ती) मिळवतो, म्हणजे गीता १६.२० च्या अगदी उलट. माध्व परंपरा त्याच्या देहात वैकुंठाचा शापित द्वारपाल आणि असुर असे दोन जीव मानते. भागवत स्वतः मात्र एक अट घालतं : देवनिंदक वेन राजाचा द्वेष भगवंताला पोचलेल्यांच्या यादीत बसत नाही. गोपींचा काम, कंसाचं भय, शिशुपालाचा द्वेष, तिन्हींत मन अखंड कृष्णावर खिळलेलं होतं. वेनाचं नव्हतं. १६.१८ मधली माणसं अहंकार, बळ आणि दर्प यांना धरून आहेत, म्हणजे ती वेनाच्या बाजूची.