किचन तोडतोय, सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

शेवटी ठरलं एकदाचं, ऑक्टोबरात किचन तोडतोय. घर १९८४ चं आणि कॅबिनेट्स पण तेव्हाचीच, दारं लटकायला लागलीयेत. काँट्रॅक्टरने ओट्याला पांढरं क्वार्ट्झ, मोठ्ठं आयलंड (मधोमध सुटा ओटा) आणि गॅसच्या वर मायक्रोवेव्ह, पंखा त्यातच, असं डिझाइन दिलंय. बायको म्हणाली मराठी मंडळात विचार आधी, आपला स्वयंपाक वेगळा. खरंय, सध्या फोडणी घातली की आधी स्मोक अलार्मला कळतं आणि मग घरातल्यांना. एप्रिलमध्ये आई-बाबा येताहेत. हल्ली कुणी केलंय का? काय चुकलं ते पण सांगा.

---

अरे, काय चुकलं ते विचारतोयस म्हणून सांगते. मी ग्रॅनाइटचे नमुने बघण्यात तीन शनिवार घालवले आणि पंख्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. तोच तुझ्यासारखा मायक्रोवेव्हमधला पंखा, डक्ट (हवा बाहेर नेणारी नळी) न जोडलेला, म्हणजे हवा वर ओढायची, कोळशाच्या फिल्टरमधून काढायची आणि परत माझ्याच तोंडावर सोडायची. मिरचीचा खकाणा जायचा कुठे? वर्षभराने स्टुलावर चढून कॅबिनेटच्या माथ्यावर बोट फिरवलं तर मेणचट थर, नखाने रेघ ओढता येईल एवढा. हॉलच्या कपाटातल्या कोटांना लसणाचा वास, ऑफिसच्या लिफ्टमध्ये मीच अंग चोरून उभी! मग नव्या टाइल्स फोडून डक्ट टाकला. दोनदा पैसे.

तुझी शेगडी बाहेरच्या भिंतीला असेल तर भाग्यवान आहेस. डक्ट थेट बाहेर काढ, अ‍ॅटिकमध्ये (छपराखालच्या माळ्यात) सोडतो असं काँट्रॅक्टर म्हणाला तर ऐकू नकोस. गुळगुळीत पत्र्याचाच घे, त्या सुरकुत्यांच्या लवचिक नळीत तेल बसतं. वळणं जितकी कमी तितकं बरं. शेगडी ३० इंची असेल तर हुड (वरचा धूर ओढणारा पंखा) ३६ इंची घे, पुढच्या बर्नरची वाफ पण पकडतो, आणि बॅफल फिल्टर (वाकवलेल्या धातूच्या पट्ट्यांचे) घे म्हणजे काढून डिशवॉशरमध्ये टाकता येतात.

दुसरं, इथे अमेरिकेत ओटा ३६ इंच उंच असतो. माझ्या सासूबाई ४ फूट १० इंच, पोळ्या लाटताना खांदे कानाला लागायचे, शेवटी पाट ठेवून त्यावर उभ्या राहायच्या. आम्ही खिडकीखालचा अडीच फुटांचा तुकडा ३२ इंचावर करून घेतला, आता मी पण तिथेच लाटते. आईंच्या कोपराची उंची विचारून घे आणि त्याच्या चार-पाच इंच खाली धर.

क्वार्ट्झ चांगलंच आहे पण गरम कढई सरळ वर ठेवायची नाही, त्यात रेझिन असतं ते करपतं आणि तो डाग जात नाही. सिंक एकच मोठं घे, दोन कप्प्यांत आपला कुकर आडवा होत नाही.

– एडिसनची काकू

---

काकूंना +१. भर घालतो.

पंखा घेताना सीएफएम बघ, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा ओढतो ते. घरात जुन्या पद्धतीचा गॅसचा वॉटर हीटर असेल आणि पंखा ४०० च्या वरचा असेल तर बाहेरची हवा आत यायची सोय करावी लागते, कारण पंखा घरातली हवा खेचतो आणि हीटरचा धूर उलटा आत येऊ शकतो. नुसती गंमत नाही ही, कार्बन मोनॉक्साइड आहे.

भिंती उघड्या आहेत तोवर शेगडीमागे २४० व्होल्टची लाइन ओढून ठेव. आज गॅस असू दे, उद्या इंडक्शन घ्यावंसं वाटलं तर पुन्हा भिंत फोडायला नको. (अ‍ॅल्युमिनियमचा कुकर त्यावर चालत नाही, बुडाला चुंबक चिकटतो का बघायचं.) भारतातला मिक्सर असेल तर ७५० वॉटला १५०० वॉटचा स्टेप-अप (व्होल्टेज वाढवणारा) ट्रान्सफॉर्मर लागतो, दगडासारखा जड, त्याला ओट्याखाली कप्पा आणि प्लग आत्ताच सांग.

आणि वायरिंग, गॅस, प्लंबिंग हलवलं की टाउनशिपचं परमिट काढायचंच. "परमिट कशाला, आपलाच माणूस आहे" म्हणणारा आपला माणूस मला चांगलाच महागात पडलाय. न्यू जर्सीत काँट्रॅक्टरचा १३ व्हीएच ने सुरू होणारा रजिस्ट्रेशन नंबर असतो तो तपास, ५०० डॉलरच्या वरचं काम लेखी असावं लागतं, आणि सही केल्यावर तीन बिझनेस दिवसांत रद्द करता येतं.

---

काकू, दादा, खूप आभार. मायक्रोवेव्ह खाली आयलंडमध्ये गेला, हुडचा डक्ट बाहेर, आयलंड थोडं लहान झालं, बायकोने दोन दिवस तोंड फुगवलं पण कोटाची गोष्ट वाचून दाखवल्यावर तीही मान्य. व्हिडिओ कॉलवर आईला कोपर मोजायला सांगितलं तर म्हणते, मी चार महिने येणार, माझ्यासाठी ओटा कापू नका. बाबांनी मागून टेप लावली, ३७ इंच.

संगमरवराचा तुकडा आणि क्वार्ट्झचा तुकडा घरी आणून दोन्हींवर हळद, तेल आणि लिंबू रात्रभर ठेवलं. संगमरवर पिवळा झालाच, वर लिंबाच्या जागी चकाकी पण गेली. क्वार्ट्झवर फिकट छटा राहिली ती दोन दिवस उन्हात ठेवल्यावर उडाली. म्हणजे क्वार्ट्झ नक्की, पण पांढरं नाही.

जुनी कॅबिनेट्स गराजसाठी कुणाला हवी असतील तर तोडफोडीच्या आधीच्या शनिवारी येऊन घेऊन जा. फुकट. दारं लटकतात हे आधीच सांगितलंय.