चेहरा ओघळलाय आणि वांगही आहे: शस्त्रक्रिया आधी की लेझर आधी? (मदत हवी आहे)

वाचनमात्र:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, लिहायची वेळ आज आली.

वय ५७. पाळी जाऊन सहा वर्षं झाली. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठीक. तक्रारी दोन तऱ्हेच्या आहेत. जबड्याच्या कडेला दोन्हीकडे मांस ओघळलंय, मानेवर उभ्या दोऱ्या दिसतात आणि वरच्या पापण्या इतक्या जड झाल्यात की दिवसभर भुवया उचलून धरल्यासारखं होतं, संध्याकाळी कपाळ दुखतं. ही एक तऱ्हा. दुसरी कातडीची: वरच्या ओठावर बारीक उभ्या रेघा, गालांवर वांग, रंग कुठे फिका कुठे गडद. नोकरी उन्हात फिरायची होती, आणि माझा वर्ण सावळा आहे.

तीन ठिकाणी दाखवलं. प्लास्टिक सर्जन म्हणाले, आधी फेसलिफ्ट आणि पापण्या, बाकीचं नंतर बघू. स्किनच्या डॉक्टर म्हणाल्या, आधी पील (रसायन लावून कातडीचा वरचा थर काढणं), लेझर, बोटॉक्स. शस्त्रक्रिया कदाचित लागणारच नाही. तिसऱ्या ठिकाणी 'एकाच भुलीत सगळं' असं पॅकेज समोर ठेवलं. खरं सांगायचं तर तिसरंच मनात भरलंय. एकदाच भूल, एकदाच सुट्टी, घरच्यांची एकदाच बोलणी.

पण मग पहिल्या दोघांनी ते का नाही सुचवलं? सगळं एकत्र करण्यात नेमका धोका कशाचा असतो? वांग असलेल्या त्वचेला लेझर झेपतो का? आणि निर्णय होईपर्यंत नुसतं कपाळाला बोटॉक्स घेतलं तर पापण्यांना थोडा आराम पडेल का?

'वय स्वीकारा' हा सल्ला घरात पोटभर मिळालाय, इथे नको. आगाऊ धन्यवाद.

शंकेखोर:

वय स्वीकारा. (गंमत करतोय. जाणकारांच्या प्रतीक्षेत.)

कडूगोळी:

मी त्वचारोगाचीच डॉक्टर, आता प्रॅक्टिस करत नाही. तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे हे सगळं सर्वसाधारण समजा.

तक्रारींचे दोन ढीग तुम्ही स्वतःच केलेत, निम्मं उत्तर त्यातच आहे. ओघळणं आणि पोत बिघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओघळण्यामागे नुसती कातडी नसते. वयानुसार जबड्याचं आणि डोळ्यांच्या खोबणीचं हाड थोडं झिजतं, गालातले चरबीचे कप्पे आटतात आणि खाली सरकतात, त्यांना धरून ठेवणारे बंध सैलावतात. कातडीखाली स्नायूंना जोडलेला एक पडदा असतो. त्याचं नीट वर्णन १९७६ साली मिट्झ आणि पेरोनी यांनी केलं. आजचं फेसलिफ्ट या पडद्यावर चालतं. ताण पडद्यावर द्यायचा आणि कातडी वरून सैलसर बसवायची, म्हणून हल्ली ते ओढल्यासारखे, वाऱ्यात धरल्यासारखे चेहरे कमी दिसतात.

पण उशीचा अभ्रा कितीही ताणून बसवला तरी त्यावरचा डाग जात नाही. वांग, ओठांवरच्या रेघा, खरबरीतपणा हे फेसलिफ्टनंतर जसंच्या तसं राहतं. उलटही तितकंच खरं: लेझर आणि पील यांनी पोत सुधारतो, कातडी किंचित आवळते, पण ओघळलेला जबडा वर जात नाही. त्यामुळे 'शस्त्रक्रिया लागणारच नाही' हे तुमच्या वर्णनावरून मला पटत नाही, माझ्याच शाखेच्या बाईंनी सांगितलं असलं तरी.

आता एकत्र करण्याचा धोका. फेसलिफ्टमध्ये कानापासून गालाकडे कातडी खालून सोडवतात. सोडवलेल्या भागाला खालून येणारा रक्तपुरवठा तुटतो आणि तो काही दिवस कातडीतल्याच बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यावर जगतो. त्याच वेळी वरून कार्बन डायऑक्साइड लेझर किंवा खोल पील केला, म्हणजे कातडीला दोन्ही बाजूंनी जखम. तो भाग नीट न भरणं, काळा पडून मरणं, वण राहणं ही भीती खरी आहे. ओठांभोवतीची कातडी मात्र नेहमीच्या फेसलिफ्टमध्ये सुटत नाही, त्यामुळे तिथला लेझर किंवा पील त्याच भुलीत करणं सर्रास चालतं. खोल थरातून फेसलिफ्ट करणारे काही सर्जन गालांवरही हलका लेझर करतात, कारण त्यांची सुटलेली कातडी जाड राहते. सावळ्या वर्णाला आणि वांग असताना मी त्या वाटेला जाणार नाही. गालांसाठी किमान तीन महिने थांबायचं.

म्हणून 'एकाच भुलीत सगळं' म्हणणाऱ्यांना एवढंच विचारा: सगळं म्हणजे चेहऱ्याच्या कुठल्या भागावर काय? भागवार सांगता आलं तर त्यांनी विचार केलाय. 'काळजी करू नका, आम्ही नेहमी करतो' हे उत्तर आलं तर उठा.

टाकेबाई:

कडूगोळी यांना अनुमोदन. मी वरच्या-खालच्या पापण्या आणि फेसलिफ्ट एकत्र करून घेतलं, त्यातच चेहऱ्यावर स्वतःचीच चरबी भरली. या तीन गोष्टी एका वेळी करणं अगदी नेहमीचं आहे. चरबीबद्दल आधीच सांगते: भरलेली सगळी टिकत नाही, बराच भाग शरीर शोषून घेतं. म्हणून सुरुवातीला चेहरा फुगलेला दिसतो आणि नंतर उतरतो. तो उतरताना घाबरायला होतं.

बाकी, पुस्तिकेत छापत नाहीत असं थोडं. पहिल्या रात्री दुखण्यापेक्षा आवळल्यासारखं जास्त वाटतं. पापण्यांचे टाके आठवड्याच्या आत निघतात. काळंनिळं पडलेलं साधारण दोन आठवड्यांत झाकण्याजोगं होतं, पण सूज हळूहळू महिनोन्महिने उतरत राहते आणि खरा निकाल सहा महिन्यांच्या पुढे दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आरशात बघून 'हे काय करून बसले' असं जवळपास प्रत्येकीला वाटतं. माझ्या सर्जननी ते आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून निभावलं. कानाच्या पाळीजवळ बधिरपणा येतो, तिथून जाणारी संवेदनेची नस कामात दुखावू शकते. बहुतेकींचा तो काही महिन्यांत कमी होतो. तोवर कानातलं घालताना आरशात बघून घालायचं, कारण टोचलेलं कळत नाही.

घरच्यांना सांगा की पहिले दोन दिवस कोणीतरी जवळ हवंच. एका बाजूला अचानक वाढणारी सूज आणि दुखणं म्हणजे आत रक्त साठतंय, तेव्हा सकाळची वाट बघायची नसते. पापण्यांच्या बाबतीत डोळ्यामागे जोरात कळ किंवा दिसणं कमी झालं तर मिनिटंही मोजू नका, सरळ रुग्णालय.

शंकेखोर:

गंभीरपणे विचारतो. सुरी न लावता चेहरा उचलण्याच्या इतक्या जाहिराती दिसतात: कातडीखाली घालायचे ओढदोरे, अल्ट्रासाउंड, सुयांची रेडिओफ्रीक्वेन्सी. मग भुलीपर्यंत जायचंच कशाला? माझ्या बहिणीने दोरे घातले होते, सुरुवातीला छान दिसायची. वर्षभरात पुन्हा जैसे थे.

कडूगोळी:

बहिणीचा अनुभव अपवाद नाही, दोऱ्यांचा परिणाम बहुतेकांत असाच उतरतो. उष्णता देणारी यंत्रं सुरुवातीच्या सैलपणाला थोडा उपयोग देतात, चाळिशीतल्या बाईला ते पुरेसंही वाटेल. पण ओघळलेल्या मांसावर ती वारंवार मारली तर आतली चरबी वितळून चेहरा आणखी बसका दिसू शकतो, आणि आत वण धरल्याने पुढची शस्त्रक्रिया अवघड गेल्याचं सर्जन सांगतात. फिलरचंही, म्हणजे कातडीखाली टोचून भरायच्या जेलचंही, तसंच. आटलेल्या जागी थोडं भरणं ठीक. ओघळ लपवायला भरत गेलं की चेहरा सुजल्यासारखा होतो, वर गेलेला दिसत नाही. हायल्युरॉनिक आम्लाच्या फिलरचं एक बरं असतं, विरघळवण्याचं इंजेक्शन आहे. मात्र फिलर रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. नाक आणि भुवयांमधली जागा त्यासाठी सर्वांत धोक्याची. हे काम पार्लरमध्ये करून घ्यायचं नाही, कितीही ओळखीचं असो.

वाचनमात्र, तुमचा बोटॉक्सचा प्रश्न राहिला होता आणि तो महत्त्वाचा आहे. उत्तर: नको. पापण्या जड असल्यामुळे तुमचा कपाळाचा स्नायू दिवसभर भुवया उचलून धरतोय, संध्याकाळची डोकेदुखी बहुधा त्याचीच. बोटॉक्सने तोच स्नायू झोपवला तर भुवया खाली बसतील आणि पापण्या आणखी जड होतील. परिणाम उतरायला तीन-चार महिने जातात, तोवर काही करता येत नाही. आणखी एक. पापण्यांची जादा कातडी काढली की कपाळाला उचलायचं कारण उरत नाही आणि भुवया स्वतःहून थोड्या खाली येतात. म्हणून सर्जनने पापण्या बघताना हाताने तुमचं कपाळ सैल करून भुवयांची खरी जागा पाहायला हवी. कोरड्या डोळ्यांचा त्रास आहे का हेही विचारायला हवं. तुमच्या सर्जननी हे केलं का?

मानेच्या दोऱ्या बोटॉक्सने मऊ पडतात, तिथे लोंबणारी कातडी मात्र राहते.

वाचनमात्र:

अरे देवा, कपाळाची वेळ पुढच्या आठवड्यात घेतली होती! आत्ताच रद्द करते.

हो, पहिल्या सर्जननी कपाळावर तळवा ठेवून डोळे मिटायला-उघडायला लावले होते. तेव्हा मला वाटलं ताप बघतायत. कोरडेपणाचंही विचारलं. तिसऱ्या ठिकाणी यातलं काहीच झालं नाही, फोटो काढले आणि संगणकावर 'नंतर'चा चेहरा दाखवला.

वांगाबद्दल कोणी सांगेल का? गेली दोन वर्षं एक क्रीम लावतेय, थांबवलं की परत येतं. त्याची गोळीही सुरू आहे.

कडूगोळी:

आधी गोळी. वांगासाठी तोंडाने देतात ती बहुधा ट्रॅनेक्सॅमिक आम्लाची. ती रक्ताच्या गुठळ्या विरघळू देत नाही. म्हणून पायात गुठळी झालेली असेल किंवा घरात कोणाला तसा त्रास असेल तर ती घ्यायचीच नसते. सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही ती दाखवा, कधी थांबवायची ते तेच ठरवतील. सोबत बाकीचंही सगळं सांगा: ॲस्पिरिन, ई जीवनसत्त्व, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल यांनी रक्तस्राव वाढू शकतो. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही. वजन उतरवायची इंजेक्शनं घेत असाल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा, त्यांनी पोट उशिरा रिकामं होतं. शिवाय वजन स्थिर झाल्याशिवाय फेसलिफ्ट करू नये, उतरत्या वजनात चेहरा पुन्हा बदलतो.

क्रीमच्या नळीवर हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एखादं स्टेरॉइड अशी तीन नावं आहेत का पाहा. असतील तर दोन वर्षं फार झाली. स्टेरॉइडने कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि हायड्रोक्विनोन फार काळ लावलं तर क्वचित उलट काळे-निळसर डाग पडतात, ते हटत नाहीत. ही नळी घेऊन स्किनच्या डॉक्टरांकडे परत जा.

सावळ्या त्वचेला लेझर चालत नाही असं नाही. मात्र जखम भरताना ती जास्त रंगद्रव्य तयार करते, म्हणून काळं पडण्याचा धोका गोऱ्या त्वचेपेक्षा बराच अधिक. वांगावर तर जोरकस लेझर बऱ्याचदा उलटतो. गालांना हलके पील, साधं ट्रेटिनॉइन आणि सनस्क्रीन यांवरच भर ठेवा. सनस्क्रीन आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगीत घ्या, कारण वांग दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढतं आणि साधं सनस्क्रीन तो अडवत नाही. सनस्क्रीनला हसू नका. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बॉर गावी ५५ वर्षांखालच्या ९०० हून अधिक लोकांवर प्रयोग झाला, निष्कर्ष २०१३ मध्ये आले. साडेचार वर्षं रोज लावणाऱ्या गटात त्वचेचं वार्धक्य मनाप्रमाणे लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी होतं.

ओठांच्या रेघांना लेझर करायचा ठरला तर आधी हाताच्या किंवा कानामागच्या छोट्या जागेवर चाचणी मागा. पूर्वी कधी ओठावर तापाचे फोड (हर्पीस) येऊन गेले असतील तर तेही सांगा. लेझरने ते उसळतात, त्यासाठी आधीपासून विषाणूविरोधी गोळ्या देतात.

टाकेबाई:

एक विचारायचं राहिलं, तंबाखू? सिगारेट, मिश्री, निकोटिनचे पट्टे, काहीही. माझ्या सर्जननी शस्त्रक्रियेआधी चार आठवडे आणि नंतरही तितकेच पूर्ण बंद असल्याशिवाय तारीखच दिली नव्हती. तेव्हा जाच वाटला होता. वरचं रक्तपुरवठ्याचं वाचून आत्ता कारण कळलं.

वाचनमात्र:

तंबाखू नाही, त्या बाबतीत सुटले. नळीवर तीनही नावं आहेत, त्यात स्टेरॉइडही. कोणीच सांगितलं नव्हतं.

आत्ता ठरवलंय ते असं: पहिल्या सर्जनकडेच जायचं. आधी दोन-तीन महिने रक्तदाब नीट ताब्यात आणायचा आणि त्वचा शांत करायची. मग फेसलिफ्ट, मान आणि वरच्या पापण्या एकत्र, ओठांभोवतीचं त्याच वेळी करायचं की नाही ते चाचणी बघून. गालांना तेव्हा हात लावायचा नाही. स्किनच्या डॉक्टर आणि सर्जन यांनी एकमेकांशी बोलावं अशी विनंती दोघांनाही करणार आहे. पॅकेजवाल्यांना नाही म्हणून कळवलं, तर दुपारीच सवलतीचा फोन आला!

एक शेवटचं. रक्तदाबाची गोळी शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी घ्यायची असते का?

कडूगोळी:

बहुतेक गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात, काही मात्र त्या सकाळी टाळतात. कुठली गोळी आहे त्यावर अवलंबून, म्हणून नाव सांगून भूलतज्ज्ञांकडून लिहून घ्या. फेसलिफ्टमध्ये रक्त साठण्याचा धोका शंभरात साधारण एक ते चार जणांना असतो. वाढलेल्या रक्तदाबाने तो वाढतो आणि बहुतेक वेळा पहिल्या चोवीस तासांतच होतो. म्हणून नंतरच्या रात्रीची गोळी चुकवू नका, डोकं उंचावर ठेवा, आणि खोकला किंवा बद्धकोष्ठ असेल तर आधीच सांगा. कुंथल्यानेही दाब चढतो.

शंकेखोर:

सवलत किती देत होते?

वाचनमात्र:

विचारलंच नाही, फोन ठेवला.