भरपाई उताऱ्याला की पेरणाऱ्याला?

शिवारकर (वडगाव):
बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात शिरलं की रोपं कुजतात, आणि दुबार लावणीला तरू (भाताची रोपं) कुठे मिळत नाही. मग महसूल-कृषीवाल्यांचा सर्व्हे, अन् कधीतरी भरपाई. ती जाते कुणाला? आरटीसी उताऱ्यावर (कर्नाटकातला सातबाराच तो) ज्याचं नाव, एफआयडी म्हणजे शेतकरी ओळख क्रमांक ज्याचा, आधार ज्याच्या खात्याला जोडलंय, त्याला. मालक पुण्यात नोकरीला, मेसेज त्याच्या मोबाईलवर. बी-खत, मजुरी घातलेला खंडकरी, म्हणजे खंड देऊन दुसऱ्याची जमीन कसणारा, बसतो बांधावर. पैसे पेरणाऱ्यालाच मिळाले पाहिजेत. बोला.

जुना मालक:
पुण्यातला मालक मीच समजा. खंड कागदावर का लिहीत नाही, ते विचारा की. १ मार्च १९७४ पासून कर्नाटकात कूळच ठेवता येत नाही. आमच्या आजोबांची जमीन त्याच कायद्यात कुळाकडे गेली. आज भरपाईपुरतं पंचनाम्यात खंडकऱ्याचं नाव घालायचं, उद्या तोच कागद कोर्टात. नको रे बाबा.

शिवारकर:
केंद्राच्या निकषात कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, तेही ३३ टक्क्यांवर नुकसान झालं तर आणि २ हेक्टरपर्यंतच. गुंठ्याला ८६ रुपये झाले. एवढ्यावर कोण तुमची जमीन बळकावणार?

जुना मालक:
रक्कम बारीक आहे, कागद बारीक नसतो.

निपाणीकर:
आकडा पुरता सांगा. २०२५ ला कर्नाटक सरकारने वर ८,५०० घातले, म्हणजे कोरडवाहू १७,०००, बागायत २५,५००. त्याच वर्षी महाराष्ट्राने मर्यादा ३ हेक्टर केली. महाराष्ट्रातल्या कागलात आणि आमच्याकडे वेदगंगा नदी एकच, सोयाबीन तेच. तिकडच्या तिसऱ्या हेक्टरला तेव्हा पैसे, इकडच्याला नाही. यावर आधी भांडूया.

अनगोळची सूनबाई:
तुम्ही मालक आणि खंडकरी करत बसा. आमच्यात कसणारेही आम्हीच, तरी हात रिकामे. उतारा अजून सासऱ्यांच्या नावावर, ते वारले. वारसा नोंदीला दीर सही देत नाहीत. तलाठ्याकडे गेलं की म्हणे आधी घरात मिटवा. शेतात रोप लावायला मात्र मीच.

हालग्याचा:
कुणालाच देऊ नका असं म्हटलं तर चिडाल. दरवर्षी त्याच शिवारात पाणी येतं, याला आपत्ती कसली म्हणायची? नाल्यातला गाळ आणि जलपर्णी काढा, अतिक्रमणं हटवा. भरपाईवर जाणारा पैसा तिथे घाला, बासमती तरी वाचेल.

शिवारकर:
नाला साफ व्हायलाच हवा. पण यंदा कुजलेल्या रोपाचं काय? बियाण्याची उधारी कृषी पत्तीन संघ (गावची शेती पतसंस्था) माफ करणार आहे का? माझा उपाय सोपा: सर्व्हेच्या वेळी गावासमोर 'या हंगामात कोणी पेरलं' एवढंच लिहायचं. कूळ हा शब्दच नको, हक्कही नको.

जुना मालक:
सरकारी कागदावर 'एवढंच' असं काही नसतं. त्यापेक्षा पैसे माझ्या खात्यावर येऊ देत, मी निम्मे त्याला देतो. दोन वेळा दिलेत.

शिवारकर:
निम्मे का? पीक पूर्ण त्याचं बुडालं. आणि त्या दोन्ही वर्षी खंडाची पोती किती घेतलीत, तेही लिहा इथे.