पशुवैद्यकीय तंत्रज्ञ परीक्षा: तक्ते पाठ आहेत, तरी प्रश्न फिरला की अडतं

शेपूटवर

नमस्कार मंडळी. पशुवैद्यकीय तंत्रज्ञ अभ्यासक्रमाची शेवटची परीक्षा सहा आठवड्यांवर आली आहे. कुत्रा, मांजर, गाय, घोडा, चौघांचं तापमान, नाडी, श्वसन तोंडपाठ आहे, पण प्रश्न जरा फिरवून आला की काही सुचत नाही. उदा. 'बोका, नाडी ११०, तापमान ३६.२ अंश, दोन दिवस खाल्लेलं नाही. आधी काय कराल?' दोन्ही आकडे कमी आहेत, इथवरच माझी गाडी जाते.

हमखास अडखळतो त्या जागा तीन: औषध-सलाईनचं गणित, रक्ताच्या नळ्या, आणि भूल दिलेल्या जनावरावर लक्ष ठेवणं. गणिताचा नमुना देतो. २० किलोचा कुत्रा, ८ टक्के निर्जलीकरण, २४ तासांत भरून काढायचं, सलाईनचा सेट मिलीला २० थेंबांचा. मिनिटाला थेंब किती? माझं उत्तर २२, पुस्तकात ३६. चुकतंय कुठे?

गणितीगाय

तुमचं गणित बरोबर आहे, प्रश्न अर्धा सोडवलाय. शरीरात आधीच जी तूट आहे तेवढीच तुम्ही भरलीत: २० × ०.०८ = १.६ लिटर. पण त्याच २४ तासांत कुत्र्याला रोजचं पाणीही लागणारच. ते किलोमागे ४० ते ६० मिली धरतात. ५० धरलं तर १००० मिली. एकूण २६०० मिली, म्हणजे तासाला १०८. भागिले ६०, गुणिले २०, झाले ३६. प्रश्नात 'दिवसभरात साधारण ३०० मिली उलटी' असं असतं तर तेही मिळवायचं: २९०० मिली, मिनिटाला ४० थेंब. तूट, रोजची गरज आणि चालू गळती, तिन्ही कागदावर वेगवेगळ्या ओळींत लिहा. एकाच ओळीत कोंबलं की एक हमखास सुटतं.

पडताळ्याची एक युक्ती: ६० थेंबांच्या मायक्रो सेटमध्ये मिनिटाचे थेंब म्हणजेच तासाचे मिली. २० थेंबांच्या सेटमध्ये त्याचा तिसरा हिस्सा. १०८ चा तिसरा हिस्सा ३६, संपलं.

आता ८ टक्के कशावरून म्हणायचं, हेही विचारतात. ५ टक्क्यांच्या आत तपासणीत काही दिसत नाही. ६ ते ८ ला चिमटीत धरलेली कातडी हळू बसते, हिरड्या चिकट लागतात. १० ते १२ ला कातडी तशीच उभी राहते, डोळे आत जातात, नाडी क्षीण होते. म्हाताऱ्या, हाडकुळ्या जनावराची कातडी पाणी पुरेसं असूनही उभी राहते, आणि लठ्ठ जनावरात चरबीमुळे कमतरता झाकली जाते. त्यामुळे कातडीच्या जोडीला हिरड्या आणि वजन बघायचंच.

औषधाच्या गणितात सूत्र कोणी चुकत नाही. वजन गुणिले मात्रा, भागिले बाटलीतली तीव्रता. चुकतं ते बाटलीवरचं वाचन. टक्के म्हणजे १०० मिलीत तितके ग्रॅम, म्हणून २ टक्के म्हणजे मिलीमागे २० मिग्रॅ. १:१००० म्हणजे मिलीमागे १ मिग्रॅ. झायलाझिन (गुंगीचं औषध) २ टक्के आणि १० टक्के अशा दोन्ही तीव्रतांत मिळतं. ४०० किलोच्या गाईला किलोमागे ०.१ मिग्रॅ स्नायूत द्यायचं तर ४० मिग्रॅ, म्हणजे २ टक्क्यांच्या बाटलीतून २ मिली. हेच २ मिली १० टक्क्यांच्या बाटलीतून ओढले तर २०० मिग्रॅ, पाचपट! त्यात गाय-बैल झायलाझिनला घोड्यापेक्षा जवळजवळ दहापट संवेदनशील. म्हणून 'घोड्याची मात्रा गाईला' हा सापळा परीक्षक आवडीने लावतात.

उत्तर काढण्याआधी अंदाज बांधायची सवय लावा. १२ किलोचा कुत्रा, मेलॉक्सिकॅम (वेदनाशामक) किलोमागे ०.२ मिग्रॅ, बाटली मिलीला ५ मिग्रॅ: २.४ ला ५ ने भागायचं, म्हणजे अर्ध्या मिलीच्या आसपास. (नेमकं ०.४८.) कॅल्क्युलेटरवर ४.८ आलं तर दशांश चिन्ह घसरलंय हे तिथल्या तिथे कळतं. लिहिताना ०.५ लिहा, नुसतं .५ नको, टिंब पुसट झालं की ५ वाचलं जातं. पूर्ण आकड्यापुढे .० सुद्धा नको, ५.० चे ५० होतात. आणि वजन पौंडांत दिलं असेल तर पहिली ओळ २.२ ने भागण्याची.

खूरआणिपंजा

बोक्याच्या प्रश्नाबद्दल. तक्ता पाठ असून अडतं, कारण तक्ता प्रत्येक आकडा सुटा सांगतो. मांजराची नाडी १४० ते २२०, तापमान ३८.१ ते ३९.२. दोन्ही एकदम खाली आले तर हृदय शांत आहे असं समजायचं नाही. शॉकमध्ये (रक्ताभिसरण कोलमडल्यावर) कुत्र्याची नाडी बहुधा धावते. मांजरात मात्र मंद नाडी, थंड अंग आणि कमी रक्तदाब हे त्रिकूट एकत्र दिसतं. हा एक फरक लक्षात राहिला तरी चार-पाच प्रश्न सुटतात.

इथे 'बोका' हा शब्दही उगाच घातलेला नाही. बोका, मंद नाडी, थंड अंग म्हटलं की पहिला हात पोटावर: मूत्राशय दगडासारखं टणक आहे का? मूत्रमार्ग अडला तर रक्तात पोटॅशियम साठतं आणि हृदयाची गती पडते. ईसीजीत टी लहर उंच टोकदार, पी लहर सपाट किंवा गायब. तंत्रज्ञाने करायचं ते असं: डॉक्टरांना ताबडतोब हाक, ईसीजी लावणं, शिरेत कॅथेटर, रक्ताचा नमुना. कॅल्शियम ग्लुकोनेट तयार ठेवा. ते हृदयाला संरक्षण देतं, पोटॅशियम कमी करत नाही. 'कॅल्शियम का देतात' याच्या पर्यायांत 'पोटॅशियम उतरवण्यासाठी' हा हमखास असतो आणि बरीच मुलं तिथेच फसतात.

शॉकमधल्या थंड मांजराला आधी गरम पिशव्यांत गुंडाळू नका. कातडीच्या रक्तवाहिन्या पसरतात आणि असलेला रक्तदाब आणखी पडतो. द्रव सुरू करून मग सावकाश ऊब.

लालटोपण

नळ्यांचे रंग पाठ करण्यापेक्षा आत काय आहे आणि ते रक्ताला काय करतं, हे धरा. ईडीटीए (जांभळं टोपण) कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून रक्त गोठत नाही. पेशीगणना आणि स्लाइड यातूनच. नळी अर्धीच भरली तर ईडीटीए जास्त पडतं, लाल पेशींतलं पाणी बाहेर ओढलं जातं, पेशी आक्रसतात आणि पीसीव्ही (रक्तातला लाल पेशींचा टक्का, बारीक केशनळीत रक्त फिरवून मोजतात) खोटं कमी येतं. खुणेच्या वर भरली तर बारीक गुठळ्या होतात आणि प्लेटलेट कमी दिसतात. सिट्रेट (निळं) गोठण्याच्या चाचण्यांसाठी, एक भाग सिट्रेटला नऊ भाग रक्त. हे प्रमाण बिघडलं की अहवाल रद्दीत. हेपारिन (हिरवं) बायोकेमिस्ट्रीला चालतं, स्लाइडला नको, रंग नीट चढत नाही. फ्लोराइड (करडं) ग्लुकोजसाठी.

भरण्याचा क्रम: सिट्रेट, साधी लाल (रक्त गोठू देणारी, सीरमसाठी), हेपारिन, ईडीटीए, फ्लोराइड. क्रमाचं कारण एकच, आधीच्या नळीतलं रसायन सुईवरून पुढच्या नळीत जाऊ नये.

सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी) गुठळीवर तासन्‌तास ठेवलं तर पेशी ग्लुकोज खात राहतात आणि आकडा खोटा कमी येतो. अर्धा तास गोठू द्या, फिरवा, सीरम वेगळं काढा.

पीसीव्ही एकटं कधीच वाचू नका, शेजारी एकूण प्रथिनं लिहा. दोन्ही वर: निर्जलीकरण. दोन्ही खाली: रक्तस्राव. पीसीव्ही खाली, प्रथिनं ठीक: लाल पेशी फुटताहेत किंवा तयार होत नाहीत. फुटत असतील तर केशनळीतला प्लाझ्माच लालसर किंवा पिवळा दिसतो, म्हणून नळी फेकण्याआधी तिचा रंग टिपा. यातली मेख अशी की रक्तस्रावानंतर पहिल्या काही तासांत पीसीव्ही सामान्य असू शकतं. रक्त आणि प्लाझ्मा दोन्ही सारखेच गेलेले असतात, शिवाय कुत्रा-घोड्यात प्लीहा आकुंचन पावून साठवलेल्या पेशी बाहेर सोडते. तेव्हा प्रथिनं आधी पडतात. आणि प्लाझ्मा दुधाळ असेल तर रिफ्रॅक्टोमीटर (द्रवातून प्रकाश किती वळतो ते मोजणारं उपकरण) प्रथिनं खोटी जास्त दाखवतो.

लघवीचं थोडक्यात: अर्ध्या तासात तपासा. फ्रिजमध्ये ठेवली तर स्फटिक नव्याने तयार होतात. पट्टीवरचे पांढऱ्या पेशींचे आणि विशिष्ट गुरुत्वाचे रकाने जनावरांत सोडून द्या, गुरुत्व रिफ्रॅक्टोमीटरवरच. १.००८ ते १.०१२ म्हणजे मूत्रपिंड लघवी घट्टही करत नाही, पातळही. निर्जल जनावरात हा आकडा आला तर तो गंभीर.

शेणाच्या तपासणीत एवढं पुरे: पर्णकृमींची अंडी जड, मिठाच्या द्रावणात तरंगत नाहीत, त्यांना अवसादन पद्धत (अंडी तळाशी बसू द्यायची). आणि कव्हरस्लिप १० ते १५ मिनिटांनी उचला, जास्त थांबलात तर अंडी विकृत होतात.

पॉपऑफउघडा

भुलीची सुरुवात यंत्रापासून करा. गळती तपासताना पॉप-ऑफ झडप (जादा वायू बाहेर सोडणारी) बंद, नळीच्या तोंडावर अंगठा, दाब २० ते ३० सेंमी पाण्याइतका, १० सेकंद टिकला पाहिजे. मग दाब सोडायचा तो झडप उघडून, अंगठा काढून नाही. अंगठा काढला की झडप बंदच विसरली जाते, पुढचं जनावर जोडलं की फुप्फुसात दाब चढत जातो. काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. यंत्राच्या बाबतीत एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ही.

यंत्राची श्वासाची पिशवी: एका श्वासाचं आकारमान किलोमागे १० ते १५ मिली, त्याच्या पाच-सहा पट. २० किलोला २ लिटरची. ३ किलोच्या मांजराला नॉन-रीब्रीदिंग सर्किट (सोडलेला श्वास ताज्या वायूच्या प्रवाहाने बाहेर ढकलणारं) आणि किलोमागे मिनिटाला २०० मिलीच्या आसपास ऑक्सिजन, म्हणजे ६०० मिली. तिथे प्रवाह कमी ठेवला तर सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत जातो.

परीक्षेत सर्वांत जास्त घसरतात ते ऑक्सिमीटरवर. ९९ टक्के दिसलं म्हणजे श्वास ठीक, असं नाही. शुद्ध ऑक्सिजनवर असलेलं जनावर बराच वेळ नीट श्वास घेत नसलं तरी ९९ दिसतं. श्वास पुरेसा आहे का ते कॅप्नोग्राफ (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) सांगतो: ३५ ते ४५. ६० असेल तर श्वास अपुरा, मग ऑक्सिमीटर काहीही म्हणो. आलेख श्वास आत घेताना शून्यावर येत नसेल तर सोडा लाइम (कार्बन डायऑक्साइड शोषणारे खडे) संपलाय किंवा झडप अडकलीय. रेषा एकदम शून्यावर कोसळली तर नळी निसटलीय, अडलीय किंवा हृदय थांबलंय. मॉनिटर बिघडला असेल असं म्हणण्याआधी जनावराला हात लावा.

रक्तदाबाचा कफ (गुंडाळायचा पट्टा) पायाच्या घेराच्या ४० टक्के रुंद. अरुंद कफ खोटा जास्त दाखवतो, रुंद खोटा कमी. सरासरी दाब ६० च्या खाली गेला की लगेच कळवा. तोवर जबड्याचा ताण आणि पापणीची प्रतिक्रिया बघून ठेवा, कारण डॉक्टरांचा पहिला प्रश्न 'भूल खोल आहे का?' हाच असणार.

खूरआणिपंजा

एक पुरवणी. कुत्रा-मांजरात डोळा खाली-आत वळला की भूल शस्त्रक्रियेजोगी, मध्यभागी आला की फार हलकी किंवा फार खोल, असं शिकवतात. केटामिन (भुलीचं इंजेक्शन) दिलं असेल तर हे लागू नाही. डोळे उघडे, मध्यभागी, आणि पापणी मिटत राहते. प्रश्नात केटामिन दिसलं की डोळ्यावर आधारलेला पर्याय खोडा.

शेपूटवर

अहो, ३६ सुटलं! सगळ्यांचे आभार. लगेच एक विचारून घेतो. सराव प्रश्न: 'कुत्रा तंदुरुस्त, शेपूट हलवतोय. पोटॅशियम १४ मिलीमोल, कॅल्शियम ४ मिग्रॅ, अल्कलाइन फॉस्फटेज (रक्तातलं एक एन्झाइम) जवळजवळ नाहीच.' पर्यायांत मूत्रपिंडं निकामी, नमुन्यात पेशी फुटल्या आणि नळीची चूक असे तीन आहेत. मी दुसरा निवडला, कारण लाल पेशी फुटल्या की पोटॅशियम वाढतं ना?

लालटोपण

माणसात वाढतं. बहुतेक कुत्र्यांच्या लाल पेशींत पोटॅशियम कमीच असतं, त्यामुळे पेशी फुटूनही आकडा फारसा हलत नाही. अकिता आणि शिबा इनू हे अपवाद. घोड्याच्या पेशींत ते भरपूर असतं, तिथे तुमचा तर्क चालला असता. पण कॅल्शियम ४ ला तेव्हाही उत्तर सापडलं नसतं.

बरोबर पर्याय नळीचा. नळीतलं ईडीटीए हे पोटॅशियमचं लवण, म्हणून पोटॅशियम वर. ते कॅल्शियम बांधतं, म्हणून कॅल्शियम खाली. अल्कलाइन फॉस्फटेजला काम करायला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं, तेही बांधलं गेलं, म्हणून तेही खाली. लाल नळीत रक्त कमी पडलं म्हणून जांभळीतून थोडं ओतलं, की नेमकं हेच चित्र दिसतं. नमुना फेकायचा, नवी सुई, नवी नळी, आणि क्रमाने पुन्हा घ्यायचा. पोटॅशियम खरोखर १४ असतं तर कुत्रा शेपूट हलवत उभा राहिला नसता.