साडेचार लाखावर मिटवलं, त्यातला पाव हिस्सा वकिलाला. हे बरोबर हाय काय?

निपाणीकर:
चुलतभाऊ, अपघात झाला तेव्हा वय 34, सेंट्रिंगचं काम. कागलजवळ हायवेला ट्रकनं मागून ठोकलं, पायात रॉड बसलाय, आता शिडी चढता येत नाही की उकिडवं बसता येत नाही. अपघात महाराष्ट्रात पण राहत्या ठिकाणी दावा घालता येतोय म्हणून इकडंच, कर्नाटकात घातला. लोकअदालतीत वकीलसाहेबांनी 4.5 लाखावर मिटवलं आणि 1,12,500 स्वतःचे काढून घेतले. मिटवल्याचा राग नाही ओ, पण आकडा आला कुठनं? महिना 15,000 धरा, सुप्रीम कोर्टाच्या सरला वर्मा निकालाप्रमाणं त्या वयाला गुणक (वर्षाच्या कमाईला जितक्या पटीनं गुणायचं तो आकडा) 16, अपंगत्व 30 टक्के, एवढ्यावरच 8,64,000 होतात, दवाखान्याचं बिल वेगळंच. आणि सही घेतली तो कागद काय होता हे त्याला अजून म्हाईत नाही, लोकअदालतीवर अपीलही नाही.

कोर्टातलाच एक:
कागदावर हिशेब सोपा असतोय. 15,000 चा पुरावा कुठाय? सेंट्रिंगवाल्याला कोण सॅलरी स्लिप देतंय? आणि डॉक्टर 30 टक्के लिहितो ते एका पायाचं, आपल्याकडं पूर्ण शरीराला बहुतेक वेळा त्याचा तिसरा हिस्सा धरतात, म्हणजे 10. मग करा की हिशेब परत.

निपाणीकर:
2011 च्या राजकुमार निकालात सुप्रीम कोर्टानं काय सांगितलंय? नुसते टक्के बघू नका, त्या माणसाच्या कमाईवर काय परिणाम झाला ते बघा. गल्ल्यावर बसणाऱ्याचा पाय आणि सेंट्रिंगवाल्याचा पाय एकच काय? हे वकिलानं तिथं मांडलं काय, एवढंच विचारायलोय.

खानापूरची लेक:
दादा, आम्ही लोकअदालतीत नाही म्हटलं होतं. निकाल चांगला लागला, मग इन्शुरन्सवाले धारवाडला हायकोर्टात गेले आणि पैसे हातात यायच्या आधी बाबाच गेले. व्याज मिळालं म्हणा, पण ते घेऊन काय करायचं. तुमच्या भावानं स्वतःच्या हातानं पैसे मोजले तरी.

चिकोडी एक्सप्रेस:
लवकर मिळालं ते ठीक, पण पाव हिस्सा? वकिलांच्या बार कौन्सिलच्या नियमात निकालावर फी ठरवायची आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायची बंदी हाय. सगळ्यांना म्हाईत हाय आणि सगळे घेतात!!

कोर्टातलाच एक:
मग गरिबानं सुरवातीला 40-50 हजार कुठनं आणायचे? टायपिंग, डॉक्टरला साक्षीला आणायचा खर्च, सगळं आम्हीच घालतो आणि केस पडली तर तेही गेले. टक्केवारी बंद करा, मग बघू असल्या केसी कोण घेतंय.

चिकोडी एक्सप्रेस:
खर्च घाला, बिल दाखवा, वसूल करा. पाव हिस्सा म्हणजे खर्च नव्हं, भागीदारी झाली.

टिळकवाडीतनं:
अपघातात समोर इन्शुरन्स तरी असतोय. ताईच्या ऑपरेशनात गडबड झाली, ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत, आणि दुसऱ्या डॉक्टरचं लेखी मत मागत बेळगाव, हुबळी, कोल्हापूर हिंडलो, तोंडी सगळे चूक म्हणतात, लिहून कोण देईना. शेवटी आमच्या वकिलानं दवाखान्याशी बोलून 60,000 वर मिटवलं, वर 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून दिलं. तो म्हटला पुरावा नाही, हेही जाईल. कदाचित खरंच असेल. ताई अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

कोर्टातलाच एक:
लेखी मत नसताना 60,000 आले म्हणजे वकील वाईट नव्हता.

निपाणीकर:
असेल. पण ताईला आधी विचारलं होतं काय त्यांनी?

टिळकवाडीतनं:
मला विचारलं. तिला नाही.

निपाणीकर:
आमच्यात पण तसंच झालंय. सही त्याची, बोलणं माझ्या काकांशी. सोमवारी मेमोची, म्हणजे मिटवल्याच्या त्या कागदाची, नक्कल काढायला जातोय, कानडीत असली तर कुणीतरी वाचून सांगा मर्दा.

कोर्टातलाच एक:
इंग्लिशमध्ये असेल बहुतेक. फोटो टाका, वाचतो.