मदत हवी आहे: वर्गात गालगुंडांची साथ, भावंडांना शाळेत घ्यावं का?

जिल्हा परिषदेची शाळा, दोन शिक्षकी. चौथीतल्या काही मुलांना गालगुंड झालेत, आता दुसरीतही एकाचा गाल सुजलाय. आरोग्य केंद्रात कळवलं, डॉक्टर येऊन बघून गेले. सूज आल्यापासून ५ दिवस घरीच ठेवा म्हणाले. तसा निरोप पालकांच्या ग्रुपवर टाकला, तरी एक जण गालाला लेप लावून, वर मफलर गुंडाळून हजर! आईबाप ऊसतोडीला, घरी कोण बघणार?

खिडक्या उघड्या ठेवतो, पोषण आहाराची पंगत व्हरांड्यात लांब लांब बसवतो, पाण्याचा सामायिक पेला बंद केलाय. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे, गालगुंडांची लस नाही, त्यामुळे ‘लस घेतली का’ विचारून इथे उपयोग नाही.

अडलंय ते भावंडांपाशी. सूज येण्याच्या दोनेक दिवस आधीपासूनच लागण पसरते आणि लक्षणं दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढे दिवस धडधाकट पोराला घरी बसवणं मला पटत नाही. शिवाय चाचणी तोंडावर आहे.

तुमच्या शाळेत लक्षणं नसलेल्या भावंडांना बसू दिलंत का? आणि आजारी मुलांची चाचणी नंतर घ्यायला मुख्याध्यापकांचा निर्णय पुरला, की केंद्रप्रमुखांचं पत्र लागलं?