मदत हवी आहे: मुलांच्या आत्मकथनांना गुण द्यायचे कसे?

नमस्कार. मी नववीला भाषा शिकवते. आत्मचरित्रांचे काही उतारे वाचून झाल्यावर मुलांना स्वतःच्या आयुष्यातला एक प्रसंग लिहायला सांगितला. बहुतेकांनी वाढदिवस, सहल असं लिहिलं. एका मुलीने मात्र वडील घर सोडून गेले ती सकाळ लिहिली (तपशील थोडे बदललेत). दारात राहिलेल्या त्यांच्या चपला कुणीच उचलेना. शेवटच्या चार ओळी तिने गिरवून गिरवून खोडल्यात. मी लाल पेन उघडलं आणि तसंच ठेवून दिलं. यात शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या?

अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मलेले लेखक फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मचरित्रात आपण गुलामगिरीतून नेमके कसे निसटलो हे मुद्दाम लिहिलं नाही, मदत करणारे गोत्यात येऊ नयेत म्हणून. ते सविस्तर आलं १८८१ मध्ये, त्यांच्या नंतरच्या आत्मचरित्रात. काय सांगायचं नाही हेही लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं, हे मला मुलांना दाखवायचंय.

पण गुणांचं काय करता? वाचून दाखवणं ऐच्छिक ठेवलं तर न वाचणारी मुलंच उठून दिसतात. आणि लिखाणावरून मूल अडचणीत आहे असं वाटलं, तर आधी त्याच्याशी बोलता की समुपदेशकांशी? ज्यांनी हे वर्गात केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा. सोमवारी वह्या परत द्यायच्या आहेत.